जाहिराती घेणाऱ्या मासिकातला रिव्ह्यू: त्यातलं काय घ्यावं, काय सोडावं

प्रश्न थोडक्यात असा: "मला बुकशेल्फ (फळीवर मावतील असे छोटे) स्पीकर घ्यायचे आहेत. एका नावाजलेल्या ऑडिओ मासिकात एका जोडीचं तोंडभरून कौतुक आलंय, आणि त्याच अंकात त्या कंपनीची पानभर जाहिरातही आहे. हा रिव्ह्यू कितपत खरा मानायचा? की जाहिराती न घेणाऱ्यांचंच वाचायचं?"

उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. तो रिव्ह्यू टाकून देऊ नका. त्यातला निकाल बाजूला ठेवा आणि बाकीचा मजकूर बारकाईने वाचा. जाहिरातीमुळे जे बिघडतं ते छापलेल्या ओळींत क्वचित सापडतं, ते गाळलेल्या ओळींत असतं. आणि रिव्ह्यू चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते जाहिरात नाहीच. ते आहे ऐकण्याची पद्धत. एक पैसाही न घेतलेला प्रामाणिक माणूस त्या पद्धतीने ऐकायला बसला तरी हमखास फसतो.

स्पीकर बसवणं, खोलीतला आवाज जुळवणं आणि ॲम्प्लिफायर तपासणं हा माझा व्यवसाय. मधली काही वर्षं मी एका मासिकासाठी परीक्षणंही लिहिली. त्यामुळे ही गोष्ट दोन्ही बाजूंनी पाहिलेली आहे.

एवढी पानं जाहिरात द्या, एवढं कौतुक छापतो, असा उघड सौदा मी कधी पाहिला नाही. नाव राखून असलेल्या जुन्या मासिकांत तो होत असेल असं मला वाटतही नाही. दबाव त्याच्या कितीतरी आधी काम करून गेलेला असतो. अंकात कोणतं उपकरण येणार हे ठरतं तिथेच पहिली चाळणी लागते. ज्या कंपनीकडे जाहिरातीला पैसा आहे, तिच्याकडेच परीक्षणासाठी महिनोन्महिने अडकवून ठेवायला एक जादा जोडी असते. ती पाठवायला आणि परत न्यायला माणूस असतो, परीक्षकाच्या शंकेला त्याच दिवशी उत्तर देणारा इंजिनिअर असतो. दोघातिघांनी चालवलेल्या कारखान्याला हे परवडत नाही. त्यामुळे जाहिरात आणि रिव्ह्यू एकाच कंपनीचे दिसले म्हणजे लाच दिलीच असेल असं नाही, दोन्हींचा खर्च एकाच तिजोरीतून निघालेला असतो. तुमच्यापुरता परिणाम मात्र तोच. त्याच किमतीतली एखादी सरस जोडी त्या मासिकाच्या दारापर्यंत पोचलेलीच नसते.

दुसरी चाळणी मला जास्त खटकते. माझ्याकडे एकदा एक इंटिग्रेटेड (सगळे टप्पे एकाच डब्यात असलेला) ॲम्प्लिफायर आला. आवाज अगदी कमी ठेवला की डाव्या-उजव्या बाजूचा तोल ढळायचा आणि गायक मधून सरकून एका स्पीकरकडे जायचा. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला हे रोज जाणवलं असतं. मी संपादकांना कळवलं, त्यांनी वितरकाला कळवलं, वितरकाने दुसरा नग पाठवला. त्याचंही तेच. शेवटी तो रिव्ह्यू छापायचाच नाही असं ठरलं. संपादकांचं म्हणणं असं, की पानं मोजकी असतात, ती लोकांनी घ्यावं अशा वस्तूला द्यावीत. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण तो ॲम्प्लिफायर दुकानांत विकला जातच राहिला आणि वाचकाच्या हाती त्याबद्दल एक ओळही लागली नाही. अंकामागून अंक सगळं चांगलंच का वाटतं, याचं मोठं कारण हे आहे. नापास झालेले नग निकालपत्रातच येत नाहीत.

उधारीवर आलेल्या उपकरणांबद्दल लोक कमी बोलतात, पण माझ्या लेखी तो प्रकार जाहिरातीपेक्षा जास्त घातक. जाहिरातीचा पैसा प्रकाशकाच्या खात्यात जातो, लिहिणाऱ्याला तो दिसतही नाही. उधारीचा ॲम्प्लिफायर मात्र परीक्षकाच्या स्वतःच्या खोलीत उभा असतो. "घाई नाही, संदर्भासाठी राहू दे तुमच्याकडे," असा निरोप येतो आणि त्याच्या ऐपतीबाहेरची वस्तू वर्षभर त्याच्याकडे राहते. विकत घ्यायची म्हटली तर परीक्षकांसाठी वेगळा, पुष्कळ उतरलेला दर असतो. या धंद्यात ही जुनी रीत आहे. काही मासिकं परीक्षकाच्या संचातलं काय त्याच्या मालकीचं आणि काय उसनं आलेलं, हे लिहितात. असा उल्लेख दिसला की मी त्या मासिकाला एक गुण जास्त देतो.

नगाचं मूळही विचारात घ्या. बहुतेक सगळे नग कंपनी स्वतः पाठवते. पाठवण्याआधी तो तपासून, जुळवून, कधी निवडून घेतलेला असतो. मासिकाने दुकानातून विकत आणलेला नग ही अगदी दुर्मीळ गोष्ट. पुरस्कारांचंही तसंच. अनेक पुरस्कारांचा शिक्का खोक्यावर आणि जाहिरातीत छापायचा तर कंपनीला परवान्याचे पैसे मोजावे लागतात. जितके विभाग जास्त तितके विजेते जास्त. दुकानात शिक्का दिसला तर त्यावरून काहीच ठरवू नका.

आता जाहिरात न घेणाऱ्यांबद्दल. हा प्रयोग झालेला आहे आणि त्याची हकिगत तुमच्या प्रश्नाला थेट भिडते. जे. गॉर्डन होल्ट हे अमेरिकेतल्या 'हाय फिडेलिटी' मासिकात तांत्रिक बाजू सांभाळत. जाहिरातदारांच्या मालावर टीका छापली जात नाही, याला कंटाळून ते बाहेर पडले आणि १९६२ मध्ये त्यांनी 'स्टिरिओफाइल' काढलं. भिस्त वर्गणीवर. मतं रोखठोक, पण अंक कधी निघेल याचा नेम नसे. १९७३ मध्ये हॅरी पिअरसन यांनी 'द ॲब्सोल्यूट साउंड' सुरू केलं, तेही कंपन्यांच्या जाहिरातींपासून दूर राहण्याच्या निश्चयाने. पुढे दोन्ही मासिकांनी जाहिराती घ्यायला सुरुवात केली. ध्वनिशोषक खोली, मोजणीची यंत्रं, पगारी माणसं, वेळेवर छपाई, हा सगळा खर्च निव्वळ वर्गणीतून भागवायचा तर वर्गणीदार लाखांत लागतात. हाय-फायच्या शौकिनांची संख्या कधीच तेवढी नव्हती.

लाखांत वर्गणीदार होते ते ग्राहकांसाठी सगळ्या तऱ्हेच्या वस्तू तपासणाऱ्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' मासिकाचे. ते चालवणारी संस्था (तेव्हाचं नाव कन्झ्युमर्स युनियन) १९३६ ची. जाहिरात घेत नाही, वस्तू दुकानातून गिऱ्हाइकासारखी विकत घेते. आता १९७० साली काय झालं पाहा. त्यांनी बोसच्या ९०१ स्पीकरबद्दल लिहिलं, की त्यातून वाद्यं अवाढव्य भासतात आणि खोलीभर भटकत असल्यासारखी वाटतात. बोसने खटला भरला. परीक्षकांना प्रत्यक्षात आवाज दोन स्पीकरांमधल्या भिंतीलगत हलताना जाणवला होता आणि छापलं गेलं खोलीभर, एवढ्या शब्दांवर तो खटला चालला. पहिल्या न्यायालयात बोस जिंकली, अपिलात निकाल फिरला, आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी मासिकाच्या बाजूने निर्णय दिला. एका वाक्यासाठी चौदा वर्षं. छोट्या मासिकाचा संपादक वाईट रिव्ह्यू छापण्याऐवजी गुपचूप परत का पाठवतो, याचं उत्तर निम्मं जाहिरातीत असेल तर निम्मं इथे आहे.

त्याच संस्थेची पुढची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. स्पीकरांना गुण देण्यासाठी 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' अनेक वर्षं एक मोजमाप वापरत असे. स्पीकर चारी दिशांना मिळून किती ध्वनिशक्ती फेकतो, त्यावरून अचूकतेचा आकडा काढायचा. शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकाने २००४ मध्ये त्या मासिकाने गुण दिलेले १३ बुकशेल्फ स्पीकर घेतले आणि पडद्याआड ठेवून सराव असलेल्या श्रोत्यांना ऐकवले. श्रोत्यांची पसंती आणि मासिकाचे गुण यांचा मेळ बसलाच नाही. कल होता तो थोडासा उलट्या दिशेचाच. संस्था पूर्ण स्वच्छ, एका जाहिरातीची बांधील नाही, वस्तू स्वतःच्या पैशाने आणलेली, तरी गुण कुचकामी. कारण मोजण्याची रीत चुकीची होती. ऑलिव्ह हे हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत काम करत होते, हेही तुम्हाला माहीत असायला हवं. पण त्यांची रीत आणि आकडे छापील आहेत, कोणालाही पुन्हा करून पाहता येतात. माझा भर नेमका यावर आहे. सांगणारा कोणाचा माणूस आहे याच्या जोडीने, त्याचं म्हणणं तपासता येतं का, हे विचारा.

आता सुरुवातीला म्हणालो ती ऐकण्याची पद्धत. १९९४ मध्ये ऑलिव्ह यांनी हार्मनमधल्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा समोर ठेवून आणि एकदा पडद्याआड. त्यांतला एक संच छोटा, स्वस्त, प्लास्टिकचा होता. पडदा असताना त्याला चांगले गुण मिळाले, पडदा काढल्यावर ते घसरले. दिसायला मोठे आणि महागडे होते त्यांचे गुण चढले. आणखी एक गोष्ट दिसली. पडदा असताना स्पीकरची जागा बदलली किंवा गाणं बदललं की श्रोत्यांचे गुण बदलत, म्हणजे कान नीट काम करत होते. स्पीकर डोळ्यांसमोर असताना जागेचा आणि गाण्याचा हा फरक जवळजवळ पुसलाच गेला. हे सगळे ध्वनीच्या धंद्यातलेच लोक होते. मासिकातला परीक्षक कितीही अनुभवी असला तरी तो स्पीकर पाहून, किंमत माहीत असताना, कंपनीचं पत्रक वाचून ऐकायला बसतो. त्याला जे ऐकू येतं ते तो खरंच ऐकतो, खोटं बोलत नाही. पण ते सगळं स्पीकरमधून आलेलं नसतं.

२०२२ मध्ये रेकॉर्डच्या दुनियेत याची मोठी परीक्षाच झाली. मोबाइल फिडेलिटी ही कंपनी मूळ टेपवरून थेट ॲनालॉग पद्धतीने काढल्याचा समज होईल अशा महागड्या रेकॉर्ड विकत होती. मध्ये डीएसडीची, म्हणजे डिजिटल टप्प्याची, पायरी असल्याचं त्या जुलैत उघड झालं, आणि ती २०११ पासून वापरात होती. पुढे सामूहिक दाव्यात कंपनीने २५ दशलक्ष डॉलरची तडजोड केली. या सगळ्या वर्षांत जाणकारांनी त्या रेकॉर्डच्या ॲनालॉग गोडव्याची तारीफ केली होती आणि मधली डिजिटल पायरी कोणाच्याही कानाने पकडली नाही. रेकॉर्ड उत्तम होत्या, हे खरंच. पण त्या उत्तम का आहेत हे कानाने कळतं, हा दावा तिथे टिकला नाही.

खुद्द होल्ट यांनी २००७ मध्ये 'स्टिरिओफाइल'लाच दिलेल्या मुलाखतीत म्हटलं, की आंधळ्या चाचण्यांना (काय वाजतंय हे न कळू देता घेतलेल्या चाचण्यांना) नकार दिला तेव्हाच, म्हणजे १९८० च्या दशकात, या क्षेत्राने आपली विश्वासार्हता घालवली. कानाने ऐकून परीक्षण करण्याचा पायंडा ज्यांनी पाडला त्यांचं हे मत आहे, म्हणून मी ते फार वजनाचं मानतो.

आंधळी चाचणी प्रत्येक वेळी शक्य नसते, हे मला मान्य आहे. पण आवाज समान पातळीवर आणणं प्रत्येकाला शक्य आहे, आणि इतकी साधी गोष्ट बहुतेक रिव्ह्यूंत केलेलीच नसते. कसं करतात ते सांगतो. ॲम्प्लिफायरला एक हजार हर्ट्झचा सलग सूर द्यायचा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या पिना स्पीकरच्या मागच्या टर्मिनलना लावायच्या आणि आकडा वाचायचा. समजा २.८३ व्होल्ट आला. आता दुसरा ॲम्प्लिफायर लावा आणि आवाज कानाला सारखा वाटेल इतका फिरवा. मीटर पाहाल तर पुष्कळदा ३ व्होल्ट दाखवतो. हा फरक अर्ध्या डेसिबलचा (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप). इतक्या फरकाला कान 'आवाज मोठा आहे' असं म्हणत नाही. तो म्हणतो, हा ॲम्प्लिफायर जास्त मोकळा आहे, जास्त तपशील देतो, बास जास्त भरीव आहे. चढ्या आवाजाची बाजू नेहमी जिंकते. म्हणून तुलना करताना फरक ०.१ डेसिबलच्या आत आणतात, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण एक टक्का. रिव्ह्यूत 'आवाजाची पातळी जुळवून तुलना केली' असं एक वाक्य शोधा. ते नसेल तर दोन डॅक (डिजिटल संगीताचं ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारी उपकरणं) किंवा दोन ॲम्प्लिफायर यांच्या तुलनेचा सगळा परिच्छेद सोडून द्या, मग तो कितीही रसाळ लिहिलेला असो.

स्पीकरची गोष्ट वेगळी. स्पीकरांमधले फरक मोठे असतात, ते मोजताही येतात आणि ऐकूही येतात. तुमचा प्रश्न स्पीकरचा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

एक नेहमी भेटणारा नमुना मनाशी धरा. खोक्यावर लिहिलंय इम्पीडन्स (स्पीकर विजेला करतो तो अडथळा) ८ ओहम, संवेदनशीलता (ठरावीक विजेला किती आवाज निघतो ते) ८८ डेसिबल. रिव्ह्यूत लिहिलंय, 'चालवायला सोपा, कोणत्याही ॲम्प्लिफायरवर खुलतो.' पुढे मोजमापांची चौकट. तिथे संवेदनशीलता भरते ८५ डेसिबल. इम्पीडन्सचा आलेख ११० हर्ट्झच्या आसपास ३ ओहमच्या जवळ उतरतो आणि त्याच ठिकाणी फेजचा, म्हणजे व्होल्टेज आणि करंट किती मागेपुढे चालतात त्याचा, कोन उणे ४५ अंशांवर गेलेला असतो. म्हणजे नेमक्या त्या पट्ट्यात, जिथे बास गिटार आणि पुरुषी आवाजाचा तळ असतो, हा स्पीकर ॲम्प्लिफायरकडून भरपूर करंट ओढणार. ३ डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट. आता परीक्षकाने कोणता ॲम्प्लिफायर वापरला ते पाहा. ३०० वॅटचा, दोन माणसांनी उचलायचा. त्याच्यावर हा स्पीकर खुललाच असणार. त्याने खोटं लिहिलेलं नाही. पण तुमच्याकडे ४० वॅटचा छोटा इंटिग्रेटेड असेल तर तो 'सोपा' हा शब्द तुमच्यासाठी लिहिलेला नाही. हे सगळं जाहिरातदाराच्या स्पीकरबद्दल, जाहिराती घेणाऱ्या मासिकानेच छापलेलं असतं. वाचणारे कौतुक वाचून पान उलटतात, म्हणून ते नजरेतून सुटतं.

'स्टिरिओफाइल'मध्ये १९८९ पासून त्याचे तेव्हाचे संपादक जॉन ॲटकिन्सन अशी मोजमापं छापत आले. परीक्षकाचं कौतुक आणि त्याच्या शेजारी त्याला छेद देणारा आलेख, असं तिथे कित्येकदा दिसतं. कंपनीचं म्हणणंही त्याच अंकात, वेगळं छापतात. असं मासिक जाहिराती घेत असलं तरी मी वाचतो, कारण ते माझ्या हातात तपासायला काहीतरी ठेवतं. जिथे मोजमापंच नाहीत, नुसते तारे आहेत, तिथे जाहिरात असो नसो, माझ्या हाती काही लागत नाही.

स्पीकरच्या आलेखांत काय पाहायचं? कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात पडद्याआडच्या चाचण्या केल्या, पुढे ते हार्मनमध्ये गेले. त्या कामातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. समोरून सपाट (सगळे सूर सारख्याच जोराने देणारा) आणि बाजूंनी सफाईने उतरत जाणारा प्रतिसाद असलेला स्पीकर बहुसंख्य श्रोते पसंत करतात. त्यावरून २०१३ मध्ये सीईए-२०३४ हे स्पीकर मोजण्याचं अमेरिकी मानक आलं. त्यात स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांवर, एकूण ७० मोजण्या घेतात. तुम्ही निवडलेल्या जोडीचे असे आलेख मिळाले तर समोरची रेघ आणि बाजूच्या रेघा जवळपास सारख्या वळणाने जातात का पाहा. दोन ते चार हजार हर्ट्झच्या मध्ये बाजूच्या रेघांना अचानक फुगवटा असेल, तर मोकळ्या भिंतींच्या खोलीत तो स्पीकर कर्कश वाटण्याची भीती आहे, रिव्ह्यूत काहीही लिहिलेलं असो.

शब्दही वाचायला शिका. जाहिरातदाराच्या मालाबद्दल लिहिताना परीक्षकाची लेखणी मऊ होते, पण बहुतेकांचं मन त्यांना पूर्ण गप्प बसू देत नाही. दोष इशाऱ्याने येतो. 'सोबतची उपकरणं काळजीपूर्वक निवडा' असं लिहिलं असेल तर वरचा पट्टा, म्हणजे चढे सूर, टोचतो असं समजा. 'तासन्तास ऐकलं तरी थकवा नाही' याचा अर्थ पुष्कळदा वरचा पट्टा दाबलेला. 'छोट्या खोलीसाठी आदर्श' म्हणजे बास पुरत नाही. 'ट्यूब ॲम्प्लिफायरवर जादू होते' असं वाचलं तर सावध व्हा. सिंगल-एंडेड प्रकारच्या ट्यूब (जुन्या धर्तीच्या काचेच्या व्हॉल्ववर चालणाऱ्या) ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा आतला अडथळा, दोन-तीन ओहम असू शकतो. स्पीकरचा इम्पीडन्स ४ पासून २० ओहमपर्यंत वरखाली होत असेल तर त्या जोडगोळीने प्रतिसादात सुमारे ३ डेसिबलचा चढउतार येतो. ती जादू त्या दोघांची मिळून आहे, तुमच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरवर ती होणार नाही.

'दोनशे तास वाजवल्यावर खरा आवाज सुटला' हे वाक्यही जपून घ्या. स्पीकरच्या कोनची, म्हणजे आतल्या हलणाऱ्या शंकूची, लवचिकता सुरुवातीच्या वापरात थोडी बदलते, पण ती लवकर स्थिरावते. त्यानंतर बदलतो तो बहुतेक ऐकणाऱ्याचा कान. नवा आवाज त्याच्या अंगवळणी पडतो. तुमच्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. दोनशे तासांची वाट पाहत बसलात तर वस्तू परत करायची मुदत निघून जाईल.

केबल आणि पॉवर कॉर्डचे रिव्ह्यू मी वाचत नाही. त्यांच्यात मोजमापं जवळपास कधीच नसतात आणि पातळी जुळवलेली आंधळी तुलना तर नसतेच.

आजकाल बरंच परीक्षण व्हिडिओवर गेलंय आणि तिथे जाहिरातीची जागा खालच्या 'इथून विकत घ्या' या दुव्याने घेतली आहे. विक्री झाली की बोलणाऱ्याला कमिशन. मासिकाची पानभर जाहिरात रिव्ह्यू चांगला येवो की वाईट, आधीच विकली गेलेली असते. दुव्याचं कमिशन मात्र तुम्ही वस्तू घेतली तरच मिळतं. म्हणून हितसंबंधाच्या दृष्टीने मला तो प्रकार जास्त चिंतेचा वाटतो. अमेरिकेत ग्राहकहित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २००९ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं सुधारून, असे संबंध उघड केले पाहिजेत हे ब्लॉग लिहिणाऱ्यांनाही लागू केलं. पण उघड केल्याने ओढ कमी होत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. २०१० च्या जानेवारीत लेक्सिकॉनचा बीडी-३० हा ब्लू-रे प्लेअर ऑडिओहॉलिक्स या वेबसाइटच्या लोकांनी उघडून पाहिला. आत ऑपो या दुसऱ्या कंपनीचा बीडीपी-८३ चेसिससकट (आतल्या सांगाड्यासकट) बसवलेला निघाला. ऑपोची किंमत ५०० डॉलर, लेक्सिकॉनची ३५००. लेक्सिकॉन हा हार्मनचाच ब्रँड, ज्यांच्या संशोधनाचं मी वर इतकं कौतुक केलं. हे बाहेर काढणारे ऑडिओहॉलिक्स स्वतः जाहिराती घेतात. त्यांनी केलं ते एवढंच, की झाकण उघडलं, मोजलं, फोटो छापले. त्याच प्लेअरच्या चित्राची आणि आवाजाची सुधारणा वर्णन करत बसणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. म्हणून रिव्ह्यूत आतला फोटो आहे का, तोही पाहत जा.

आता तुमच्या जोडीचं काय करायचं. तो रिव्ह्यू पुन्हा काढा आणि परीक्षकाने शेजारी कोणते दुसरे स्पीकर ठेवून ऐकले ते शोधा. त्याच किमतीतल्या, नाव घेतलेल्या एखाद्या जोडीशी तुलना असेल आणि दुसरी जोडी कुठे सरस ठरली हेही लिहिलं असेल, तर तो रिव्ह्यू कामाचा. 'किमतीच्या मानाने अफाट' एवढंच असेल तर नाही. मोजमापं नसतील तर त्याच मॉडेलची दुसरीकडे छापलेली मोजमापं मिळवा. शक्यतो वेगळ्या नगाची, वेगळ्या माणसाने घेतलेली. दोन ठिकाणचे आलेख जुळले तर त्यावर विसंबायला हरकत नाही. त्या परीक्षकाचे जुने रिव्ह्यू वाचा. तुम्ही ओळखता अशा एखाद्या स्पीकरबद्दल त्याने काय लिहिलं होतं ते पाहा. तुमच्या कानाला पटलं होतं का? एका मासिकापेक्षा एका माणसावरचा विश्वास जास्त उपयोगी पडतो, कारण माणसाच्या आवडीनिवडी ठरलेल्या असतात आणि त्या वजा करून वाचता येतं.

मग जोडी तुमच्या खोलीत ऐका. दुकानातलं ऐकणं दुकानाच्या खोलीचं असतं. साधारण ३०० हर्ट्झच्या खाली जे ऐकू येतं त्यात खोलीचा वाटा स्पीकरइतकाच किंवा जास्तच असतो. परत करण्याची अट जोडी विकत घेण्याआधीच लेखी घ्या, आणि वाहतुकीचा खर्च कोणाचा तेही विचारा. शक्य असेल तर दोन जोड्या एकाच वेळी आणा. आवाज मीटरने जुळवा. स्पीकरसाठी पिंक नॉइज (सगळे सूर असलेला सलग खरखराट) लावून, बसायच्या जागी फोनवरच्या ध्वनिमापकाने पाहिलंत तरी चालेल, कारण फोन तोच आणि जागा तीच असेल तर तुलनेपुरता तो पुरेसा आहे. मध्ये पातळ कापड टांगा, घरातल्या कोणाला तरी तारा बदलायला सांगा आणि आत्ता कोणती जोडी वाजतेय हे तुम्हाला सांगू नका म्हणावं. पाठ असलेली चार-पाच गाणी पुरतात. त्यांत एक बाईचा आवाज, एक पुरुषाचा, एक पियानो आणि एक खूप वाद्यांचं असावं. जे वाटेल ते लगेच कागदावर लिहा आणि कापड काढल्यावर खोडू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कान ताजे असताना, तेच पुन्हा करा. दोन्ही वेळा कागदावर एकच जोडी वर असेल तर ती ठेवा, मासिकाने तिला किती तारे दिले ते पाहायची गरज नाही. दोन वेळा वेगवेगळी जोडी वर आली तर त्या दोघींतला फरक तुमच्या खोलीत तुमच्यासाठी नगण्य आहे. मग स्वस्त असेल ती ठेवा आणि दुसरी मुदतीत परत पाठवा.